चौदा लाखाची गाडी, तीस लाखाचे पार्ट

चुलतभावाचा रात्री साडेदहाला फोन, "भो, पुण्यात मिनी कूपर भेटतेय, 2016 ची, 14 लाखाला, नव्या क्रेटापेक्षा स्वस्त, घेऊ का?" फोन बहुतेक स्पीकरवर होता कारण मागून काकांचा आवाज आला, "एवढ्या पैशात एवढीशी? माल किती मावतो ते विचार त्याला." काकांची रावेरला केळी आहे, त्यांच्या हिशोबात गाडीत आधी माल बसतो आणि जागा उरली तर माणूस.

मी सहा वर्षांपासून जळगावात एक जुनी फॉरेन कंपनीची ऑटोमॅटिक हॅचबॅक सांभाळतोय, त्यामुळे नात्यातल्या कोणाच्याही डोक्यात असलं खूळ शिरलं की पहिला फोन मलाच येतो. माझ्या गाडीची कंपनी सांगत नाही कारण पुढं जे सांगणारे त्यात गाडीपेक्षा माझाच दोष मोठा होता. तर भावाला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथं जरा नीट लिहितो.

आधी हे कळलं पाहिजे की ही गाडी स्वस्त का झाली. मिनीची तीन दरवाजावाली गाडी इंग्लंडच्या ऑक्सफर्डच्या कारखान्यातून तयार होऊनच येते, वर इम्पोर्ट ड्युटी, म्हणून नवी असताना ती 30 लाखांच्या वर होती. आता पहिला मालक हौसेनं घेतो, पाच वर्षांत वॉरंटी संपते, नवीन मॉडेल येतं, आणि विकायला काढली की गिऱ्हाईक मोजकंच असतं कारण ज्याच्याकडं 30 लाख आहेत तो नवी घेतो आणि ज्याच्याकडं 14 आहेत त्याला घरचे क्रेटा घ्यायला लावतात. म्हणून भाव धाडकन पडतो. पण तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचा एसी कॉम्प्रेसर यांना कोणी सांगितलेलं नसतं की आता मालक बदलला, ते आजही 30 लाखाच्या गाडीच्याच भावात येतात. सगळी गोम इथंच आहे भो. गाडी घेताना 14 चा हिशोब धरायचा आणि सांभाळताना 30 चा. माझा स्वतःचा नियम असा की किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवायची, ती नसेल तर गाडी परवडत नाही असं समजायचं, मग भाव कितीही पाडून मिळो.

छोटी पण प्रीमियम म्हणजे फक्त मिनीच असं नाही. मर्सिडीजची ए क्लास आणि बीएमडब्ल्यूची वन सिरीज दोन्ही इकडं 2013 ला आल्या, व्होल्वोची व्ही40 होती, आणि खालच्या बजेटात पोलो जीटी टीएसआय, जी 2013 ला 8 लाखाच्या आत निघाली होती आणि चाकणलाच बनायची, त्यामुळे तिचे साधे पार्ट तरी बऱ्यापैकी मिळतात. तुमची पहिलीच वेळ असेल तर मी पोलोच सांगेन, भाऊ ऐकणार नाही ते वेगळं.

आता इंजिन. यातल्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत दोन गोष्टी असतात ज्या आपल्या जुन्या स्विफ्ट-सँट्रोत नव्हत्या, टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन.

टर्बो म्हणजे काय तर सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला अजून एक पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं आणि म्हणून 1.2 लिटरचं इंजिन 1.8 सारखं पळतं. हा दांडा जोरात असताना मिनिटाला लाखाच्या वर चकरा मारतो आणि तो टेकलेला असतो फक्त ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल जुनं, घाण, कमी किंवा चुकीच्या ग्रेडचं झालं की टर्बो संपला. म्हणून कंपनीच्या पुस्तकात 15,000 किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असलं तरी इथल्या उन्हात आणि धुळीत मी 7-8 हजाराला ऑइल बदलतो, आणि डब्यावर नुसती 5डब्ल्यू30 ही ग्रेड बघून घेत नाही, मागच्या बाजूला त्या कंपनीचा मंजुरीचा नंबर छापलेला असतो, फोक्सवॅगनचा वेगळा, बीएमडब्ल्यू-मिनीचा वेगळा, तो जुळला तरच. आणि धुळ्याहून मे महिन्यात शंभरच्या स्पीडनं आलात तर पाळधीच्या ढाब्यावर थांबल्या थांबल्या चावी बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या, तापलेल्या दांड्याभोवती ऑइल फिरत राहतं.

डायरेक्ट इंजेक्शन आपल्या लोकांना समजावणं सोपं आहे. पूर्वीच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं शिंपडायचे, हवेबरोबर वाहत आत जायचं, म्हणजे पाटपाणी. डायरेक्ट इंजेक्शन म्हणजे ड्रिप, थेट सिलिंडरमधे, बारीक नोझलमधून, पाहिजे तेवढंच. फायदे ड्रिपचेच आणि दुखणीही ड्रिपचीच, नोझलला कचरा सहन होत नाही, फिल्टर चांगला लागतो, पंपाचं प्रेशर जबरदस्त लागतं. एक दुखणं मात्र ड्रिपपेक्षा जास्तीचं. पाटपाण्यात पेट्रोल व्हॉल्व्हची पाठ आपोआप धुऊन काढायचं, इथं पेट्रोल तिकडं जातच नाही, मग इंजिनातली ऑइलची वाफ त्या पाठीवर बसून बसून कार्बनची खरपुडी तयार होते. साठ-ऐंशी हजारानंतर गाडी आयडलला, म्हणजे उभ्या जागी चालू असताना, थरथरते, पिकअप जातो, आणि मालक म्हणतो पेट्रोल खराब होतं. यावर उपाय म्हणजे हवा आत नेणारा वरचा मॅनिफोल्ड खोलून साफ करणं, परदेशात तर अक्रोडाच्या टरफलाचा चुरा हवेच्या प्रेशरनं मारून साफ करतात कारण तो कार्बन उडवतो पण धातूला ओरखडा पाडत नाही. पेट्रोलमधे टाकायच्या बाटल्या या कामाला उपयोगाच्या नाहीत, पेट्रोल तिथं पोचतच नाही तर बाटली काय पोचणार.

मिनीचं अजून एक. 2014 च्या आधीची जी पिढी आहे तिचं इंजिन बीएमडब्ल्यूनं फ्रान्सच्या पीएसए ग्रुपबरोबर मिळून केलेलं, त्याच्या सुरुवातीच्या टर्बो इंजिनात टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे इंजिनातली साखळी ताणून धरणारा भाग, ढिला पडायचा, सकाळी थंडं इंजिन चालू केलं की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. पुढं सुधारणा झाली पण ऐकून बघायचंच. 2014 नंतरच्या पिढीत बीएमडब्ल्यूचं स्वतःचं तीन आणि चार सिलिंडरचं इंजिन आलं, हे बरंच बरं आहे, फक्त त्याची चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे कधी काढायची वेळ आली तर मजुरीच रडवेल. म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावायचा, गरम लागलं तर समजून घ्या की त्याला तो थंडा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता.

गिअरबॉक्सवर मी जरा जास्त वेळ घेतो कारण सगळ्यात जास्त लोक इथं बुडतात. पोलो जीटी टीएसआयच्या जुन्या 1.2 मधे सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ड्युअल क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. यात दोन क्लच असतात, एकाकडं 1-3-5-7, दुसऱ्याकडं 2-4-6 आणि रिव्हर्स. तुम्ही दुसऱ्यात चालवताय तेव्हा तिसरा आधीच लावून तयार ठेवलेला असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, म्हणून गिअर पडल्याचं कळतही नाही, भारी वाटतं. पण हे क्लच कोरडे आहेत, ऑइलमधे बुडालेले नाहीत, आणि हळूहळू सरकणाऱ्या ट्रॅफिकमधे ते अर्धवट घासत राहतात आणि तापतात. शिवाय हे सगळं हलवणारा एक हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक मेंदू असतो, त्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात, तो गेला तर बिल लाखाच्या घरात किंवा वर. 2013 ला तर या गिअरबॉक्सच्या ऑइलपायी फोक्सवॅगननं जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावून सिंथेटिकच्या जागी मिनरल ऑइल भरलं होतं.

याच्यातून एक गंमत निघते. सगळे किलोमीटर बघतात. मुंबईची 40 हजार चाललेली गाडी बघून खूश होतात आणि धुळ्याची 80 हजारवाली सोडून देतात. अरे पण मुंबईची ती गाडी 40 हजारासाठी किती तास सिग्नलला सरकली असेल, आणि धुळ्याची नाशिक-धुळे हायवेवर सातव्या गिअरमधे निवांत पळाली असेल. क्लचला किलोमीटर कळत नाहीत, त्याला धरणं-सोडणं कळतं. मी असल्या गिअरबॉक्ससाठी हायवेची 80 हजारवाली आधी बघेन, ऑइलची बिलं असतील तर.

टेस्ट घेताना अर्धा तास चालवून गरम करा, मग सपाट रस्त्यावर ब्रेक सोडून नुसती सरकू द्या, पहिल्या-दुसऱ्यात धक्के किंवा कुरकुर येते का बघा, चढावर रिव्हर्स घ्या. आणि 2020 नंतरची 1.0 टीएसआय ऑटोमॅटिक मिळत असेल तर हा विषयच नाही, तिच्यात साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारा. 2014 नंतरच्या मिनीतही सुरुवातीला जपानच्या आयसिनचा तसलाच सहा गिअरचा होता, ड्युअल क्लच नंतर आला. भावाच्या 2016 वाल्यात आयसिनच निघाला, ही त्याच्या बाजूची पहिली गोष्ट.

आता उन्हाळा. जळगाव-भुसावळला मे महिन्यात 45 च्या आसपास जातं हे काय सांगायला नको. या गाड्यांत थर्मोस्टॅटचं हाऊसिंग, पाण्याच्या पंपाचे भाग, पाइपांचे जोड बरेचसे प्लॅस्टिकचे असतात, दहा उन्हाळे खाल्ले की ते बिस्किटासारखे ठिसूळ होतात. बरं तडा गेला तर आधी कळत नाही, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, थेंब थेंब जातं. माझं तेच झालं. दर पंधरा दिवसाला टाकी थोडी खाली, आणि मी शहाणा, बोअरचं पाणी टाकत राहिलो, आमच्याकडचं बोअर म्हणजे चहाच्या भांड्याला पांढरा थर बसवणारं. क्षार आत बसले, आणि एका दुपारी पारोळ्याच्या अलीकडं टेम्परेचरचा लाल दिवा लागून गाडी बंद.

इथवर ठीक होतं. पुढची चूक अजून मोठी. एक ओळखीची पिकअप आली, आम्ही दोर बांधला आणि ऑटोमॅटिक गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून तशीच ओढत नेली, वीसेक किलोमीटर तरी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि चाकं फिरताहेत म्हणजे आतले गिअर कोरडे फिरताहेत. थर्मोस्टॅट हाऊसिंग मला परवडलं असतं, त्या वीस किलोमीटरनं गिअरबॉक्स उघडायला लावला. तेव्हापासून सांगतो, असली गाडी उचलूनच न्यायची, फ्लॅटबेडवर, आणि इन्शुरन्सबरोबर जी रोडसाइड मदत विकतात तिच्यात किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढतात ते आधी वाचायचं. मिनीचं सर्व्हिस सेंटर आपल्याला मुंबई-पुण्यालाच, फोक्सवॅगन-स्कोडासाठी नाशिक नाहीतर संभाजीनगर हाताशी आहे, आणि जळगावहून संभाजीनगर दीडशेच्या वर पडतं. पॉलिसीत 50 किलोमीटर लिहिलं असेल तर बाकीचं तुमच्या खिशातून.

आपले मिस्तरी वाईट नाहीत बरं का. अजिंठा चौफुलीकडं असे हात आहेत की आवाजावरून बेअरिंग सांगतात. अडतं ते स्कॅनर आणि माहितीपाशी. साधी बॅटरीच घ्या, मिनी-बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी टाकली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं, नाहीतर तो जुनीच समजून तिच्या हिशोबानं चार्ज करतो आणि नवी लवकर मारतो. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारं स्टार्ट-स्टॉप असेल तर एजीएम बॅटरी लागते, साधी नाही. म्हणून मी दोन माणसं धरलीत, ऑइल, ब्रेक, सस्पेन्शन इथल्या मिस्तरीकडं, स्कॅनरचं काम नाशिकला एका स्वतंत्र गॅरेजवाल्याकडं. पार्टचंही असंच, कंपनीच्या खोक्यातला पार्ट बऱ्याचदा बॉश, माहले, व्हॅलिओ, झेडएफनं बनवलेला असतो, त्याच बनवणाऱ्याच्या खोक्यात तोच बराच स्वस्त पडतो, डीएसजीचा तो कोरडा क्लच लुक कंपनीचा असतो. पार्ट नंबर घ्यायचा, मुंबई-पुण्याच्या दुकानात फोन करायचा, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल सकाळी हजर.

टायर. मिनीत बहुतेक रनफ्लॅट असतात आणि स्टेपनी नसतेच. पंक्चर झालं तरी 80 च्या स्पीडनं साधारण 80 किलोमीटर जाता येतं, कडक बाजूमुळे. ऐकायला मस्त, पण खड्ड्यात बाजूला फुगा आला की तो टायर गेला आणि त्या साइजचा रनफ्लॅट जळगावात तयार मिळेल याची आशा सोडा, मागवावा लागतो. घेतानाच टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही बाकी असू द्या, सहा वर्षांच्या पुढचा टायर मी किमतीतून वजा करतो.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र, हजाराच्या आतबाहेर मिळतो, मोबाइलला ब्लूटूथनं जोडतात, तो खिशात टाकून जा. विकणाऱ्यानं आदल्या रात्री एरर पुसलेले असले तर स्कॅनरवर एरर शून्य दिसेल, पण 'रेडिनेस' नावाचा एक पान असतो, गाडीनं स्वतःची तपासणी पूर्ण केली का ते तिथं दिसतं. तिथं अर्ध्या गोष्टी अपूर्ण असतील तर हल्लीच काहीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढलीय, कारण विचारा आणि चेहरा बघा.

कागदांचं थोडक्यात. इंदूर आणि सुरत आपल्याला पुण्यापेक्षा जवळ, त्यामुळे एमपी-09 आणि जीजे-05 च्या गाड्या खूप दाखवतात, स्वस्तही असतात. पण दुसऱ्या राज्याची गाडी म्हणजे फॉर्म 28 ची एनओसी, 12 महिन्यांच्या आत इथला नंबर घेणं, महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत भरणं, आणि जुन्या राज्यातला टॅक्स परत मिळवायला तुम्हीच चकरा मारणं. हे सगळं धरून भाव बघा, बरेचदा फरक उरतच नाही. एमएच-12 ची गाडी घेतली तर नंबर तोच राहतो, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, आधी बँकेचं कर्ज असेल तर फॉर्म 35 नं बोजा उतरलेला पाहिजे. परिवहनच्या साइटवर मालक कितवा, चलन किती बाकी ते बघून घ्या, 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाडीला नवीन हाय सिक्युरिटी प्लेट बसलीय का तेही.

इन्शुरन्समधे दोन गोष्टी लोकांना माहीतच नसतात. एक, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो, जुन्या मालकाचा 50 टक्के तुम्हाला मिळत नाही, आणि पॉलिसी 14 दिवसांत नावावर करायची असते. दुसरी, साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या क्लेममधे निम्मे पैसे कापतात आणि या गाड्यांच्या पुढच्या भागात प्लॅस्टिकशिवाय आहे काय. झीरो डेप, म्हणजे ही कपात न होणारी पॉलिसी, बऱ्याच कंपन्या पाच वर्षांच्या पुढच्या गाडीला देत नाहीत. म्हणजे 2016 च्या मिनीचा बंपर आणि हेडलाइट तुटला तर बिलाचा चांगला मोठा तुकडा तुमच्या अंगावर.

पेट्रोलचंही सांगून ठेवतो, आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई10 पर्यंतच्याच हिशोबानं केलेल्या. मायलेज थोडं कमी येणार, जुने रबरी पाइप तपासत राहायचे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका, इथेनॉल ओल ओढतं.

भाऊ शेवटी पुण्याला गेला, थंडं इंजिन ऐकलं, कंपनीच्याच वर्कशॉपमधे पैसे भरून तपासणी करून घेतली, टायर आणि पुढचे दोन्ही कंट्रोल आर्म बुश (सस्पेन्शनचे रबर) दाखवून लाखभर पाडले, आणि गाडी आणली. काकांनी पहिल्या दिवशी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, डिकी उघडायला लावली आणि मला फोन केला, "कितली जागा से यामा?"

211 लिटर, काका. केळीचा एक घड आडवा मावतो, मागचं सीट पाडलं तर तीन.